परकी भाषा शिकायला उशीर झाला का?

विद्यार्थी मित्रांनो, पुढचे वाक्य एकदा मोठ्याने म्हणून पाहा : "कढीत ताक टाक." यातील 'ताक' आणि 'टाक' हे दोन शब्द वेगळे आहेत, हे तुम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. पहिल्या शब्दात जिभेचे टोक वरच्या दातांना लागते, दुसऱ्यात ते मागे वळून टाळूला लागते. आपल्या कानांना हा फरक इतका स्पष्ट वाटतो की, तो कोणाला ऐकू येत नसेल अशी कल्पनाही आपण करीत नाही. पण भारतीय भाषा कधीच न ऐकलेल्या एखाद्या इंग्रज गृहस्थाला हे वाक्य ऐकवले, तर एकच शब्द दोनदा उच्चारला असे त्याला बहुधा वाटेल. त्याच्या कानांत काही दोष नसतो, बरे का!

खरी गंमत पुढेच आहे. हा 'त' आणि 'ट' मधला फरक इंग्रजी बोलणाऱ्या घरातील तान्ह्या बाळांना ऐकू येतो का, हे कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या मानसशास्त्रज्ञांनी तपासले. बोलता न येणारे बाळ उत्तर कसे देणार? त्यांनी एक युक्ती केली. ध्वनिवर्धकातून हिंदीतील एकच अक्षर पुन्हा पुन्हा ऐकू येई. मध्येच ते बदलून दुसरे सुरू होई. बदल होताच बाळाने मान वळवली, तर बाजूच्या पेटीतील खेळण्यातले प्राणी हालचाल करू लागत. बाळे हा खेळ चटकन शिकत. या प्रयोगांचे निष्कर्ष १९८४ साली प्रसिद्ध झाले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी 'त' आणि 'ट' हा भेद ओळखला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी मात्र फार थोड्यांना तो ओळखता आला. म्हणजे जन्माला येताना बाळाचा कान सगळ्या भाषांसाठी उघडा असतो आणि वर्षाच्या आत तो घरच्या भाषेपुरता घडू लागतो.

हे वाचून तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "मग संपलेच की! बाळांची दारे जर वर्षाच्या आत बंद होऊ लागतात, तर मी चौदाव्या वर्षी परकी भाषा कशी शिकणार?"

असा निष्कर्ष आपल्याकडे रोज काढला जातो, आणि त्याने होणारे नुकसान खरे असते. आठवीतला मुलगा इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसतो. अकरावीला जर्मन घ्यावे असे मनात असलेली मुलगी, "ते लहानपणापासून शिकणाऱ्यांचे काम," हे वाक्य ऐकून अर्जात दुसराच विषय लिहिते. या दोघांना भाषेने हरवलेले नसते. भाषेविषयीच्या गैरसमजाने हरवलेले असते. म्हणून असे काही नेहमीचे गैरसमज घेऊन ते शास्त्राच्या कसोटीवर घासून पाहू.

पहिला गैरसमज : "आता वय गेले"

लहान मुले भाषा झटपट शिकतात, मोठ्यांना ते जमत नाही, असे सर्वजण म्हणतात. कॅथरीन स्नो आणि मारियान हूफनागल-होले या दोन संशोधिकांनी ही समजूत हॉलंडमध्ये तपासली. तेथे नव्याने राहायला आलेल्या इंग्रजी भाषक कुटुंबांतील माणसे डच भाषा कशी शिकतात, हे त्यांनी वर्षभर पाहिले. त्यांत तीन वर्षांच्या मुलांपासून प्रौढांपर्यंत सर्व वयांची माणसे होती. उच्चार, व्याकरण, शब्दसंग्रह, भाषांतर अशा अनेक कसोट्या घेतल्या. १९७८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जलद प्रगती केली ती १२ ते १५ वर्षांच्या मुलांनी आणि प्रौढांनी. वर्षाच्या शेवटी ८ ते १० आणि १२ ते १५ या वयोगटांतील मुले सर्वांत पुढे होती. आणि सर्व कसोट्यांत सर्वांत मागे कोण होते, ठाऊक आहे? तीन ते पाच वर्षांची बालके!

१२ ते १५ हे वय कोणाचे? हा लेख वाचणाऱ्या तुम्हां बहुतेकांचे. या वयात तुम्हाला वाचता येते, टिपण करता येते, नियम समजतो, दोन भाषांची तुलना करता येते. तीन वर्षांच्या बाळाजवळ यातील एकही साधन नसते.

मग लहान मुलांचा बोलबाला का? कारण परक्या देशात वाढणारे मूल पुढे दहा-पंधरा वर्षे दिवसभर ती भाषा ऐकते आणि बोलते. इतक्या मोठ्या पल्ल्यानंतर लवकर सुरुवात करणारे बहुधा पुढे जातात, विशेषतः उच्चारांत. २०१८ साली अमेरिकेतील तीन संशोधकांनी सुमारे ६ लाख ७० हजार लोकांच्या इंग्रजी व्याकरणाची चाचणी घेतली. त्यांच्या हिशेबाप्रमाणे व्याकरण आत्मसात करण्याची शक्ती सतराव्या वर्षाच्या आसपासपर्यंत फारशी कमी होत नाही. अगदी मातृभाषिकासारखे व्याकरण हवे असेल, तर मात्र दहा-बारा वर्षांच्या आत सुरुवात झालेली बरी, असेही त्यांना आढळले. सतराव्या वर्षाच्या नेमक्या आकड्याविषयी शास्त्रज्ञांत वाद आहे. पण चौदाव्या वर्षी दार बंद झाले, असे यातून कोणत्याच बाजूने निघत नाही.

प्रौढ माणूस परकी भाषा किती खोलवर शिकू शकतो, याचे उदाहरण आपल्या घरातच आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मोपदेशक १५७९ साली गोव्यात उतरले, तेव्हा ते तिशीत होते. त्यांच्या हाती ना मराठी-इंग्रजी शब्दकोश होता, ना पाठ्यपुस्तक. येथील भाषा ऐकत, बोलत, पुराणांचा अभ्यास करीत त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' मराठीत रचले. ते १६१६ साली छापले गेले. कोकणी भाषेचे त्यांनी लिहिलेले व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली प्रसिद्ध झाले.

आता त्या बंद होणाऱ्या कानाचे काय? तोही कायमचा बंद होत नाही. जपानी भाषेत 'र' आणि 'ल' असा भेद नाही, म्हणून जपानी माणसाला इंग्रजीतील 'राइट' आणि 'लाइट' यांतला फरक ओळखणे जड जाते. अशा प्रौढांना वेगवेगळ्या माणसांच्या आवाजातील शब्दांच्या जोड्या ऐकवून, प्रत्येक उत्तर बरोबर की चूक हे लगेच सांगितले, तर काही आठवड्यांत त्यांची ओळख सुधारते, असे अमेरिकेत १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले.

आपलाही असा एक 'र-ल' आहे. इंग्रजीतील 'वेस्ट' म्हणजे पश्चिम आणि 'व्हेस्ट' म्हणजे बनियन. पहिल्यात ओठांचा चंबू होतो, दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला लागतात. मराठीत दोन्हींसाठी एकच 'व' पुरतो, म्हणून आपला कान दोघांना एकाच खणात टाकतो. आरशासमोर उभे राहून दोन्ही शब्द म्हणा. ओठांचा फरक आधी डोळ्यांना दिसेल, मग हळूहळू कानालाही कळू लागेल.

उच्चारात थोडी मातृभाषेची झाक राहिली म्हणून बिघडतेही काही नाही. जोसेफ कॉनरॅड हे मूळचे पोलिश. ते इंग्रजी शिकले ते वयाच्या विशीनंतर. बोलण्यातील पोलिश वळण त्यांचे जन्मभर गेले नाही. पण इंग्रजी कादंबरीच्या इतिहासातून त्यांचे नाव कोणाला काढता येणार नाही.

दुसरा गैरसमज : "त्यासाठी देणगीच लागते"

इटलीतील बोलोन्या शहरात १७७४ साली एका सुताराच्या घरी जुझेप्पे मेझ्झोफांती यांचा जन्म झाला. पुढे ते कार्डिनल झाले. त्यांना तीस-चाळीस भाषा येत असे त्यांचे समकालीन सांगत. लोक त्यांना चमत्कारच समजत. मायकेल इरार्ड हे अमेरिकन लेखक बहुभाषिकांवर पुस्तक लिहिण्यासाठी बोलोन्याच्या ग्रंथालयात त्यांची कागदपत्रे पाहायला गेले. हे पुस्तक २०१२ साली निघाले. कागदपत्रांत त्यांना काय सापडले असेल? चिठ्ठ्यांचे गठ्ठे! एका बाजूला परका शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. हा चमत्कारी पुरुष तुमच्या-माझ्यासारखाच शब्द पाठ करीत होता. फक्त फार चिकाटीने आणि आयुष्यभर.

सर्वांना भाषा सारख्याच वेगाने येते, असे मात्र नाही. कोणाचा कान तीक्ष्ण असतो, कोणाची स्मरणशक्ती. या विषयावर बरीच वर्षे काम केलेले मानसशास्त्रज्ञ जॉन कॅरल यांनी १९६३ साली एक उपयुक्त विचार मांडला. ते म्हणतात की, कुवत म्हणजे एखादी गोष्ट शिकायला लागणारा वेळ. ज्याची कुवत अधिक त्याला कमी वेळ पुरतो, इतकेच. म्हणजे प्रश्न "मला येईल की नाही" हा नसून "मला किती वेळ लागेल" हा आहे. सोलापुरात घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि गल्लीत कन्नड किंवा उर्दू बोलणारी कितीतरी मुले दिसतात. त्यांना कोणी देणगीवान म्हणत नाही. त्यांना वेळ मिळालेला असतो आणि बोलण्याची गरज असते.

तिसरा गैरसमज : "अमुक भाषा मुळातच अवघड"

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एक संस्था आपल्या अधिकाऱ्यांना परक्या भाषा शिकवते. कामापुरते प्रावीण्य यायला इंग्रजी भाषकाला किती काळ लागतो, याचा तिने अनुभवावरून अंदाज बांधला आहे. स्पॅनिशला सुमारे ३० आठवडे, हिंदीला सुमारे ४४ आणि जपानीला ८८ आठवडे, म्हणजे वर्गातील २२०० तास. हे कोष्टक पाहून "जपानी सर्वांत अवघड" असे लोक म्हणतात. पण कोष्टकातील एक शब्द ते विसरतात. तो म्हणजे 'इंग्रजी भाषकाला'. भाषा अवघड की सोपी, हे तुम्ही कोठून निघालात यावर अवलंबून असते. पुण्याहून नाशिक दूर की जवळ, हे नाशिकला विचारून कळत नाही, तसेच हे.

'मी पुस्तक वाचतो' हे वाक्य जपानीत 'वाताशि वा होन ओ योमिमासु' असे होते. 'वाताशि' म्हणजे मी, 'होन' म्हणजे पुस्तक, 'योमिमासु' म्हणजे वाचतो. क्रियापद शेवटी, अगदी मराठीसारखे. 'पुण्याहून' म्हणायचे तर 'पुणे कारा', 'पुण्याला' म्हणायचे तर 'पुणे नि'. आपला प्रत्यय जसा नामाच्या मागून येतो, तसाच हा शब्दही मागून येतो. इंग्रज विद्यार्थ्याला येथे सगळे वाक्य उलटे करावे लागते. तुम्हाला ते करावे लागत नाही. जपानी लिपी मात्र आपल्यालाही कष्ट देणारच. तेथे रोजच्या वापरासाठी ठरवलेली चित्राक्षरेच २१३६ आहेत.

मराठीने तुमच्या तोंडात आधीच किती सामान भरून ठेवले आहे, पाहा. 'चार' मधला 'च' आणि 'चाक' मधला 'च' आपण निरनिराळे उच्चारतो, लिहितो मात्र एकच. 'चाक', 'चूल', 'चांगला' यांतील हा दुसरा 'च' जर्मन भाषेत जागोजागी भेटतो. खोलीसाठी जर्मन शब्द 'त्सिमर'. जपानी 'त्सुनामी' चा पहिला ध्वनीही तोच. इंग्रज माणूस शब्दारंभी हा उच्चार करताना अडखळतो आणि 'सुनामी' म्हणून मोकळा होतो. तसेच लिंगांचे. तो, ती, ते अशी तीन लिंगे जर्मन आणि रशियन भाषांतही आहेत. त्यामुळे निर्जीव वस्तूला लिंग असते याचे तुम्हाला आश्चर्य वाटत नाही. मात्र सावध राहा. कोणत्या वस्तूचे लिंग कोणते, हे ज्या त्या भाषेने आपापले ठरवले आहे. आपला सूर्य पुल्लिंगी, जर्मनांचा स्त्रीलिंगी! आणि पोर्तुगीज शिकायला बसलात, तर बटाटा, पाव, चावी, पगार हे शब्द तेथे जुन्या ओळखीने भेटतील, कारण ते पोर्तुगिजांबरोबरच आपल्याकडे आले.

आता एक प्रयोग करा. पातळ कागदाची अरुंद पट्टी तोंडासमोर चार-पाच सेंटिमीटरवर लोंबती धरा आणि 'पूल' म्हणा. पट्टी जवळजवळ स्थिर राहील. आता दोन्ही ओठ नीट मिटून मग 'फूल' म्हणा. पट्टी उडेल. ओठ उघडल्यानंतर कंठातील स्वरतंतू कंप पावू लागेपर्यंत जो अगदी अल्प वेळ जातो, त्या वेळात हवेचा झोत बाहेर पडतो. हा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात. ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन यांनी १९६४ साली अकरा भाषांतील अशी मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांत मराठीही होती. इंग्रज माणूस 'पिन' म्हणतो तेव्हा त्याच्या 'प' बरोबर हवेचा झोत असतो. आपण झोताशिवाय म्हणतो, म्हणून कधीकधी त्याला तो 'ब' वाटतो. फ्रेंच 'प' मात्र आपल्यासारखाच बिनझोताचा. म्हणजे इंग्रजी 'प' साठी जी सवय आड येते, तीच फ्रेंच शिकताना उपयोगी पडते!

चौथा गैरसमज : "शब्दाला शब्द ठेवला की झाले"

वस्तू त्याच, फक्त त्यांवरच्या चिठ्ठ्या बदलायच्या, म्हणजे नवी भाषा आली, अशी अनेकांची कल्पना असते. ती किती तोकडी आहे, हे एका भुकेवरून कळेल. मराठीत 'मला भूक लागते'. जर्मन माणूस जे म्हणतो त्याचा शब्दशः अर्थ 'मी भूक बाळगतो' असा काहीसा होतो, आणि इंग्रज म्हणतो 'मी भुकेला आहे'. भूक एकच, पण ती सांगण्याच्या तऱ्हा तीन. मराठी वाक्यातील एकेक शब्द उचलून परका शब्द ठेवत गेलात, तर दोन्ही भाषा रुसतील.

शब्दांचे कप्पेही भाषागणिक वेगळे पडतात. काकू, मामी, आत्या आणि मावशी या चौघींना इंग्रजीत 'आंट' या एकाच शब्दात बसावे लागते. 'आपण जाऊ' आणि 'आम्ही जाऊ' यांतील फरक मराठी शिकणाऱ्या परदेशी पाहुण्याला फार विचार करून लक्षात ठेवावा लागतो, कारण त्याच्या 'वुई' मध्ये दोन्ही सामावलेले असते. म्हणून नवा शब्द टिपून घेताना तो एकटा घेऊ नका. ज्या छोट्या वाक्यात तो भेटला, त्या वाक्यासकट वहीत उतरवा.

पाचवा गैरसमज : "पुन्हा पुन्हा वाचले की पाठ होते"

जर्मनीतील हरमान एबिंगहाउस यांनी स्मरणशक्ती मोजण्याचा ध्यास घेतला. प्रयोगशाळाही ते स्वतःच आणि प्रयोगाचा विषयही स्वतःच! ओळखीच्या शब्दांनी मदत करू नये म्हणून त्यांनी काही अर्थ नसलेली सुमारे २३०० अक्षरे तयार केली, त्यांच्या याद्या पाठ केल्या, आणि ठरावीक वेळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती वेळ कमी लागतो ते मोजले. १८८५ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. वीस मिनिटांनी पुन्हा पाठ करताना ५८ टक्के श्रम वाचत; एका दिवसानंतर ३४ टक्के; एक महिन्यानंतर २१ टक्के. म्हणजे विसरण्याचा वेग सुरुवातीला फार मोठा असतो, मग तो मंदावतो. परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेले शब्द दिवाळीच्या सुटीनंतर का आठवत नाहीत, याचे कारण येथे आहे. पण याच आकड्यांत दिलासाही आहे. महिन्यानंतरही सर्व काही पुसले जात नाही. उजळणी दरवेळी स्वस्त पडते. त्यामुळे एकाच दिवशी दोन तास बसण्यापेक्षा तोच वेळ आठवड्यात वाटून घेणे अधिक फायद्याचे.

उजळणी करायची कशी, हेही महत्त्वाचे आहे. जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतील ४० शब्द अर्थांसह शिकवले. उदाहरणार्थ, 'माशुआ' म्हणजे होडी. शब्द एकदा बरोबर सांगता आल्यावर काही जण तो शब्द पुन्हा पुन्हा फक्त वाचत राहिले. काही जण मात्र अर्थ झाकून स्वतःला पुन्हा पुन्हा विचारत राहिले. आठवड्यानंतर सर्वांची परीक्षा घेतली. स्वतःला विचारत राहिलेल्यांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले, नुसते वाचणाऱ्यांना सुमारे ३५ टक्के. २००८ सालच्या या प्रयोगात आणखी एक गोष्ट आढळली. आठवड्यानंतर आपल्याला किती आठवेल, असे आधी विचारले होते, तेव्हा सगळ्या गटांनी सारखाच अंदाज सांगितला होता, सुमारे निम्मे! आपण कसे शिकतो याविषयी आपलाच अंदाज किती फसवा असतो, पाहा. वाचताना शब्द ओळखीचा वाटतो आणि आपण त्यालाच 'येणे' समजतो. पण ओळखणे वेगळे आणि आठवणे वेगळे. बोलताना उपयोगी पडते ते आठवणे.

हे तुम्ही स्वतः ताडून पाहू शकता. परक्या भाषेतील २० नवे शब्द घ्या. दहा शब्द अर्थासह रोज पाच वेळा वाचा. उरलेल्या दहांच्या चिठ्ठ्या करा. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. रोज पाच वेळा अर्थ आधी आठवून सांगा आणि मगच चिठ्ठी उलटा. चार दिवसांनी दोन्ही थांबवा. आठवड्यानंतर मित्राला वीसही शब्द विचारायला सांगा आणि निकाल वहीत मांडा. सगळ्या वर्गाने मिळून केला, तर विज्ञान प्रदर्शनासाठी हा एक चांगला प्रकल्प होईल.

पण आधी कोणते शब्द शिकावे? अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात १९६१ सालच्या छापील इंग्रजीतून दहा लाख शब्दांचा संग्रह तयार करून त्यातील शब्द मोजले गेले. तेव्हा असे दिसले की, संग्रहाचा निम्मा भाग केवळ १३५ निरनिराळ्या शब्दांनीच भरला आहे. तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येत होते. निम्मे शब्द कळले म्हणजे निम्मा अर्थ कळला असे नव्हे, कारण यांतील बरेच शब्द आपल्या 'आणि', 'पण', 'हा', 'आहे' यांच्यासारखे जोडकाम करणारे असतात. तरी सुरुवात नेहमी लागणाऱ्या शब्दांपासून करावी, शब्दकोशाच्या पहिल्या पानापासून नव्हे, एवढे यातून नक्की निघते.

सहावा गैरसमज : "कानावर पडत राहिली की आपोआप येते"

झोपताना उशाशी भाषेचे ध्वनिमुद्रण लावून ठेवा, सकाळी भाषा डोक्यात, अशा जाहिराती एके काळी पाश्चात्त्य देशांत होत. चार्ल्स सायमन आणि विल्यम एमन्स यांनी १९५६ साली याची परीक्षा केली. झोपलेल्या माणसांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरी मोजत त्यांनी खरोखर गाढ झोप लागली आहे ना, याची खात्री केली आणि मग माहिती ऐकवली. सकाळी कोणालाही ती सांगता आली नाही. ज्यांना थोडेफार आठवले, ते त्या क्षणी अर्धवट जागे होते! तुम्हाला सोयीची वाटेल अशी गोष्ट मात्र निराळ्या प्रयोगांत आढळली आहे. जागेपणी शिकून नंतर नीट झोप घेतली, तर शिकलेले अधिक टिकते. १९२४ सालापासून हे दिसून आलेले आहे. तेव्हा रात्री जागून पाठ करणे हा तोट्याचाच व्यवहार होय.

जागेपणी नुसते ऐकून तरी काय होते? पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांवर केलेला प्रयोग येथे आठवतो. चिनी बोलणाऱ्या व्यक्तींनी प्रत्यक्ष समोर बसून बाळांना बारा वेळा खेळवले आणि गोष्टी वाचून दाखवल्या. त्या बाळांना चिनी ध्वनींतील भेद ओळखता येऊ लागला. दुसऱ्या बाळांना त्याच प्रकारचे बोलणे दूरदर्शन-पडद्यावरून किंवा फक्त ध्वनिमुद्रणातून दिले. त्यांना काहीच लाभ झाला नाही. तुम्ही बाळे नाही, तुम्ही मोबाइलवर ऐकूनही पुष्कळ शिकू शकता. पण तेव्हाच, जेव्हा थांबता, पुन्हा म्हणता, अर्थ शोधता आणि कोणाशी तरी बोलता. बोलायला परदेशी माणूसच हवा असे नाही. बाकावरचा मित्र पुरतो.

चुकीला घाबरू नका

शेवटी एक गोष्ट, विद्यार्थ्यांइतकीच शिक्षकांसाठी. घरातले तीन वर्षांचे मूल "मी करला" किंवा "दादा जाला" म्हणते, तेव्हा आपण कौतुकाने हसतो आणि "केला", "गेला" असे सांगून पुढे जातो. थोडा विचार करा. 'करला' हा शब्द त्याला कोणी शिकवला? कोणीच नाही. 'बसला', 'उठला', 'पडला' ऐकून त्याने स्वतः नियम शोधला आणि तो 'कर' ला लावला. ती चूक म्हणजे नियम सापडल्याची खूण आहे.

आता इंग्रजीच्या वर्गात पाहा. 'गो' चा भूतकाळ विचारल्यावर एखादी मुलगी 'वेंट' ऐवजी 'गोएड' म्हणते. तिनेही तेच केलेले असते. नियम शोधून तो लावलेला असतो. भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ साली हीच गोष्ट मांडली. शिकणाऱ्याच्या चुका पाहिल्या म्हणजे तो भाषेची रचना कशी करीत आहे, हे शिक्षकाला कळते, असे ते म्हणत. पण येथे मात्र सारा वर्ग हसतो. त्या दिवसानंतर ती मुलगी तोंड उघडत नाही. बोलत नाही, म्हणून सुधारणा होत नाही, आणि दोन वर्षांनी सगळे म्हणतात, "तिला भाषेची देणगीच नाही." वर सांगितलेले सगळे गैरसमज येथे एकत्र येतात.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या वर्गात कोणी चुकले, तर हसू नका. आपण स्वतः चुकलो, तर वहीत एक पान करून ती चूक लिहा आणि तिच्यामागे आपण कोणता नियम लावला होता, तेही लिहा. रोज अर्धा तास काढा, दहा चिठ्ठ्या करा, अर्थ झाकून स्वतःला विचारा, आरशासमोर ओठ पाहत बोला आणि रात्री वेळेवर झोपा. तीन महिन्यांनी पहिल्या दिवसाची वही काढून पाहा. किती अंतर कापले, ते तुमचे तुम्हालाच मोजता येईल.